दरवेळी

चोपड्यात, स्टँडच्या मागच्या गल्लीत
माझं मेडिकल आहे. बारा वर्षं झाली.
बाळांच्या लालीवरच्या किती ट्यूब विकल्या
ते वहीत सापडेल.
‘दरवेळी लावा’ किती जणांना म्हणालो
ते कुठेच सापडणार नाही.

सोपं होतं म्हणायला.
गिऱ्हाईक मान हलवायचं, सुटे मोजायचं,
माझ्यामागे पंखा फिरत राहायचा.

मग दुर्वा झाली. एप्रिलअखेर,
पारा चव्वेचाळीसच्या खाली यायला तयार नाही.
रात्री दोनला हेमांगी डोळे न उघडता म्हणायची,
तुमची पाळी.
आणि मी मोबाईलच्या उजेडात
त्या ओंजळीएवढ्या ढुंगणाला
दिवाळीआधी भिंतीला देतात तसा
पांढरा हात द्यायचो.
आधी जुना थर पुसून काढायचा. तो निघायचा नाही.
घासायचो. ती किंचाळायची.
मी म्हणायचो, बघ, दुखतंय तिला,
आणखी थोडं लावू.

दीड महिन्याच्या लसीला
जैतून तडवी सिस्टरने लंगोट सोडला,
बोटाने थर खरवडून पाहिला.
‘काय लपवलंय भाऊ याच्याखाली?’
काही नाही, म्हटलं.
‘काहीच नाही ना. मग?’

तिच्या भावाची यावलकडे केळी आहे.
म्हणाली, घडाला पिशवी घालतो आपण उन्हाची,
तिलाही भोकं ठेवतोच ना?
पोरीची कातडी चांगली आहे. पाण्याने धू.
टीप, घासू नको.
घडीभर उघडी पडू दे.
लाल दिसली तर लाव, जुलाब लागले तर लाव,
नाहीतर कसाले?

कसाले.
घरी बोलतो तो शब्द.
दुकानात मी तो शटरबाहेर ठेवून येत होतो.

त्या दुपारी दुर्वा चटईवर उघडी.
पाय हवेत, मुठी हवेत,
कूलरच्या जाळीतून येणारा गवताचा ओला वास
तिच्या मांड्यांपर्यंत जात असावा.
मी शेजारी बसलो, हातांचं काय करावं कळेना.
एकदा ट्यूब उचलली, परत ठेवली.
चटई दोनदा धुतली.
हेमांगी दारातून बघत होती.
म्हणाली, तुम्हालाच लावा थोडं, बरं वाटेल.

पुढच्या बाजाराच्या दिवशी
सातपुड्याच्या पायथ्याकडून एक पावरा बाई आली,
कडेवर पोर, कमरेला काळा दोरा, बाकी काही नाही.
‘ती पांढरी ट्यूब द्या. दरवेळी लावायची ना?’
मी काउंटरवरून वाकून पाहिलं.
पोर नितळ. नुकत्या धुतलेल्या वांग्यासारखं.
म्हटलं, नको. याला गरज नाही.

ती गप्प झाली.
मग पदराची गाठ सोडून
दोन शंभराच्या नोटा काचेवर ठेवल्या, सरळ करून.
‘पैसे आहेत माझ्याकडे.’

तसं नाही बाई, म्हणालो,
पिशवीचं, भोकांचं, वाऱ्याचं सांगू लागलो,
पण बारा वर्षांची सवय जिभेला,
‘नको’ म्हणायला ती अडखळत होती,
आणि अडखळणाऱ्या दुकानदाराचं कोण खरं मानतं?
नोटा उचलून ती समोरच्या प्रकाशच्या दुकानात गेली.
इथून ऐकू येत नाही,
पण प्रकाशचे ओठ हलताना दिसले.
तीन अक्षरी शब्द नव्हता तो.

परवा रात्री दुर्वा खरंच लाल झाली,
जांघेत, दोन बोटांएवढी.
ट्यूब शोधायलाच वेळ लागला, टोपण चिकटलेलं.
लावलं थोडं. झोपली.
सकाळी गल्ला मोजताना
पन्नासच्या एका नोटेवर
माझ्या अंगठ्याचा पांढरा ठसा उठला.
पुसला नाही. गिऱ्हाईक उभं होतं.